उलट्या अंगानं

आमचे अब्बा, शेख मैनोद्दीन, टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर.
माळेगावच्या जत्रेत तंबू लागायचा,
एकीकडं घोडेबाजार, एकीकडं आमचं मशीन,
मधल्या मोकळ्या रानात थंडी.

पडदा मधोमध. गडी एका अंगाला,
बाया पडद्यामागं.
बायांना सगळं उलटं दिसायचं:
नावं उलटी, दुकानांच्या पाट्या उलट्या,
नायकाचा भांग भलत्याच बाजूला.
म्हणून त्यांचं तिकीट दोन पैसे कमी.

आठव्या रिळात ती नाचायची.
पाटीवर कुमुदिनी. त्याआधी केवळा.
गाव गंगाखेडच्या अलीकडं, गोदेला लागून.
नऊ वर्षांची असताना मावशीनं
परभणीला गाडीत बसवली, मुंबईला उतरवली.

एकवीस सिनेमे.
एकातही लग्न झालं नाही तिचं.
नायक हॉटेलात यायचा, दुःखी बसायचा,
ती नाचायची,
तो उठून भल्या घरच्या पोरीकडं जायचा.
एकदाच गोळी लागून मेली.
"मरायला पुरा दिवस दिला होता मला," म्हणाली,
"नाचायला कधी दोन तासांच्या वर नाही."

पण हे पुढचं. आधी कबुली.

फिल्म तुटायची. तंबूत शिट्ट्या.
अब्बा दातात विडी धरून सांधा मारायचे,
बोटांना ॲसिटोनचा वास,
आणि सांधताना दोन चौकटी जास्तीच्या कापायचे.
तिच्याच.
मानवतला दोन. सेलूला तीन.
जिंतुरात तहसीलदाराच्या पोराला पाच, रुपया घेऊन.
उरलेल्या तंबाखूच्या डबीत.
एकटे अब्बाच नव्हेत. बार्शी, लातूर, उदगीर,
ज्या ज्या तंबूतून ती पेटी आली
तिथं तिथं कात्री होती.
सेकंदाला चोवीस केवळा,
चार मिनिटांचा नाच,
माळेगावला पोचेस्तोवर उरली एक गिरकी
आणि वर जाणारा एक हात.
की लगेच नायक उठून दाराशी.

त्या साली बायांच्या अंगाला
सोजरबाई बसली होती, घोंगडीत.
अकरा वर्षं लेक बघितलेली नव्हती.
गावानं सांगितलेलं, ती तुझी नव्हंच,
ती कुणी बंगालीण हाय.

गिरकी आली. हात वर गेला.
म्हातारी उभी राहिली:
"डावरी! माझी डावरी हाय ती!
किती मारलं गं बया मी तिला,
डाव्या हातानं घास घेती म्हनून!"

बाया हसल्या. कुणी तिचा पदर ओढून खाली बसवलं.
पडद्यावर तोवर नायकाची आई खोकत होती.

केवळाबाई आता वसमतला असते,
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
दुपारभर फरशी थरथरते.
मी डबी घेऊन गेलो, सगळं सांगितलं.
ऐकता ऐकता ती गुडघ्याला तेल चोळत होती.
"नाचमास्तर डावा हात पाठीशी बांधायचा," म्हणाली,
"साडेचार महिने.
कॅमेऱ्याला डावा चालत नाही म्हणे.
उजवी झाले. सहीसुद्धा उजव्यानं करते.
पुढून बघणाऱ्यानं कुणीच ओळखली नसती मला."

मग विचारलं, "माय पुढं काय केलीन?"
दुसऱ्या रात्री परत आली, म्हटलं.
"तिकीट घेतलं?"
घेतलं.
"आणि तुझ्या बापानं?"
मी डबीकडं बघितलं.
त्या रात्रीही दोन कापल्या.

"यातल्या त्या कुठल्या?"
सांगता येईना. एकतीस तुकडे, सगळे सारखे,
नखाएवढी बाई, नखाएवढा हात.

गिरणी थांबली होती.
तिनं एक तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला,
डोळे बारीक केले,
"ह्या नाचाला पायात काच गेली होती माझ्या.
दिसती का बघ."
चौकटीत पाय आलेलेच नव्हते.

मग बोटांत फिरवून
तिनं तो उलट्या अंगानं धरला
आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.